घर कोठे घ्यावे? वसईच्या खाडीच्या दोन्ही तीरांचा हिशेब

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर बांधणारा आणि घरात राहणारा एकच असे. जोत्यापासून कौलांपर्यंतचा खर्च आणि त्यातील अडचणी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहत असे. आज नगरांच्या परिसरात घर बांधणारा एक, विकणारा दुसरा, कर्ज देणारा तिसरा आणि राहणारा चौथा अशी स्थिती आहे. त्यामुळे घर पाहण्यापूर्वी त्याचा हिशेब पाहणे अगत्याचे झाले आहे. मुंबईत नोकरी आणि वसई-विरारमध्ये बिऱ्हाड, अशी विभागणी ज्या लक्षावधी कुटुंबांनी स्वीकारली, त्यांच्या बाबतीत तर हा हिशेब आयुष्यभराच्या पुंजीचा असतो.

खाडीपलीकडची वसई

वसईची खाडी ही केवळ भौगोलिक रेषा नाही. घरांच्या किमतीचीही ती सीमा आहे. खाडीच्या दक्षिणेस मिरा-भाईंदर आणि त्यापुढे दहिसर-बोरिवली ही उपनगरे, तर उत्तरेस नायगाव, वसई, नालासोपारा व विरार. लोहमार्गाने चर्चगेटपासून बोरिवली सुमारे ३४, वसई रोड सुमारे ५२ आणि विरार सुमारे ६० किलोमीटरवर आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेक स्थानक मागे पडत जाते, तसतसा घराचा भावही उतरत जातो, असा साधारण अनुभव आहे.

वसईचा हा भाग मुळात बागायतीचा. केळी, नागवेलीची पाने, भाजीपाला आणि फुले यांसाठी तो प्रसिद्ध होता आणि पश्चिम पट्ट्यातील काही गावांत ही ओळख आजही टिकून आहे. राजेळी केळ्यांपासून तयार होणारी वसईची सुकेळी दूरवर जात. पुढे मुंबईत जागा मिळेनाशी झाली, गिरणगावातील आणि गिरगावातील कुटुंबे वाढली आणि चाळीतील खोली अपुरी पडू लागली. मग नोकरदारांची दृष्टी लोहमार्गाच्या बाजूने उत्तरेकडे वळली. १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे सोपविण्यात आले. त्याच सुमारास वसईची हिरवाई राखण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने मोठे जनआंदोलन उभे राहिले. म्हणजेच येणाऱ्यांसाठी घर आणि असणाऱ्यांसाठी जमीन-पाणी हे दोन्ही प्रश्न तेव्हापासून एकमेकांशी निगडित आहेत.

२००१ च्या जनगणनेत एकट्या नालासोपाऱ्याची लोकसंख्या १ लाख ८४ हजारांवर होती. जुलै २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार या क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला आणि वसई तालुका त्यात समाविष्ट झाला.

जाहिरातीतील किंमत आणि खरी किंमत

घराची सांगितली जाणारी किंमत ही खर्चाची केवळ सुरुवात असते. तिच्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि इमारत बांधकामाधीन असल्यास वस्तू व सेवा कर चढतो. मुद्रांक शुल्काचा दर घर कोणत्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत आहे त्यावर अवलंबून असतो. स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून त्यात एक टक्का सवलत आहे. नोंदणी शुल्क किमतीच्या एक टक्का, परंतु कमाल ३० हजार रुपये असते. बांधकामाधीन घरावर एप्रिल २०१९ पासून पाच टक्के कर आहे. तथापि, मुंबई महानगर प्रदेशात चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत आणि एकूण किंमत ४५ लाख रुपयांपर्यंत असल्यास हा कर एक टक्काच लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या पूर्ण इमारतीतील घरावर हा कर नाही.

आता एक उदाहरण घेऊ. खाडीच्या उत्तरेस ४५ लाखांचे एक घर आणि दक्षिणेस तेवढ्याच खोल्यांचे ७५ लाखांचे दुसरे घर, दोन्ही बांधकामाधीन, असे कल्पू. हे आकडे केवळ हिशेबाची रीत समजण्यासाठी आहेत. सोयीसाठी दोन्हींकडे मुद्रांक शुल्क सहा टक्के धरू.

पहिल्या घरावर मुद्रांक शुल्क २ लाख ७० हजार, नोंदणी ३० हजार आणि एक टक्का दराने कर ४५ हजार, असा वरखर्च ३ लाख ४५ हजार रुपये होतो. दुसऱ्या घरावर मुद्रांक शुल्क ४ लाख ५० हजार, नोंदणी ३० हजार आणि पाच टक्के दराने कर ३ लाख ७५ हजार, म्हणजे ८ लाख ५५ हजार रुपये. वाहनतळ किंवा अन्य सुविधांची रक्कम धरून पहिल्या घराची किंमत ४५ लाखांवर गेली, तर कर एकदम पाचपट दराने लागेल. म्हणून करारातील एकूण रक्कम आधी विचारून घ्यावी.

३० लाखांहून अधिक व ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जासाठी बँका रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देऊ शकतात. मुद्रांक शुल्कासारखा वरखर्च त्या किमतीत धरला जात नाही. त्यानुसार पहिल्या घरासाठी ३६ लाखांचे कर्ज आणि वरखर्चासह सुमारे साडेबारा लाख रुपये पदरचे लागतील. दुसऱ्यासाठी ६० लाखांचे कर्ज आणि सुमारे साडेतेवीस लाख रुपये पदरचे. व्याजदर नऊ टक्के आणि मुदत २० वर्षे धरल्यास मासिक हप्ता पहिल्याचा सुमारे ३२ हजार ४०० आणि दुसऱ्याचा सुमारे ५४ हजार रुपये येतो. दोन्हींतील फरक महिन्याला सुमारे २१ हजार ६०० रुपये. अनेक कुटुंबांच्या बाबतीत निर्णय येथेच संपतो, कारण दुसरा हप्ता त्यांच्या आवाक्यातच नसतो. ज्यांच्या आवाक्यात तो ओढूनताणून येतो, त्यांच्यासाठी मात्र पुढचा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

वेळेचे मोल

दूरच्या घरामुळे जाता-येता प्रत्येकी २५ मिनिटे जादा लागतात असे समजू. दिवसाची ५० मिनिटे झाली. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले, तर १५ हजार मिनिटे, म्हणजे २५० तास. अहोरात्र मोजले तरी हे दहा दिवसांहून अधिक होतात. हप्त्यातील वार्षिक फरक सुमारे २ लाख ५९ हजार रुपये आहे. त्याला २५० ने भागल्यास वाचविलेल्या प्रत्येक तासासाठी सुमारे १,०३६ रुपये मोजावे लागतात, असे दिसते. घरातील दोघे नोकरीस जात असतील, तर तोच दर तासाला सुमारे ५१८ रुपये होतो.

हा दर कोणास परवडतो हे ज्याचे त्याने ठरवावे. तथापि काही गोष्टी पैशांत बसत नाहीत. विरार गाडीतील सकाळची गर्दी ज्याने अनुभवली आहे, त्याला प्रवासाचे मोल केवळ मिनिटांत सांगता येणार नाही. गर्भवती स्त्री, वयस्कर कर्मचारी, लहान मुलांना सांभाळणारे दुसरे कोणी नसलेले दांपत्य यांच्यासाठी २५ मिनिटांचा फरक फार मोठा ठरतो. उलट ज्याची नोकरी वसई, पालघर किंवा तारापूर औद्योगिक क्षेत्रात आहे, त्याचा प्रवास गर्दीच्या उलट दिशेने होतो. त्याने केवळ मुंबईच्या जवळ असावे म्हणून खाडीच्या दक्षिणेस जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. शिक्षक व शासकीय कर्मचारी यांनी तर पुढील बदली कोठे होऊ शकते याचाही विचार करावा.

वाहतुकीच्या साधनांत भर पडत आहे, हे खरे. एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई व भाईंदर यांच्यामध्ये रो-रो बोटसेवा सुरू झाली. रस्त्याने सुमारे ३८ किलोमीटरचा वळसा घालावा लागणाऱ्या वाहनांना त्यामुळे खाडीतून थेट जाता येते. परंतु आखलेला मार्ग आणि धावणारी गाडी यांत अंतर असते. मिरा रोडहून विरारकडे जाणारी मेट्रो, विरार-अलिबाग महामार्ग अशा प्रस्तावांची नावे घेऊन घराची किंमत वाढवून सांगण्यात येते. जे साधन आज वापरता येत नाही, त्याची किंमत आज मोजावी काय, हा प्रश्न खरेदीदाराने स्वतःला विचारला पाहिजे.

नळाला पाणी येते काय?

स्वस्त घर आणि राहण्याजोगे घर यांतील भेद पाण्याने स्पष्ट होतो. विरार-बोळिंज येथे म्हाडाच्या कोकण मंडळाने उभारलेल्या मोठ्या वसाहतीतील हजारो सदनिका कित्येक वर्षे विक्रीअभावी पडून होत्या. मुंबईत म्हाडाच्या एकेका घरासाठी अर्जांची रीघ लागत असताना येथे ग्राहक मिळत नव्हता, याच्या प्रमुख कारणांपैकी एक पाण्याची टंचाई हे होते.

ही अडचण दूर करण्यासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना हाती घेतली. योजनेची क्षमता दररोज ४०३ दशलक्ष लिटर असून त्यातील १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि २१८ दशलक्ष लिटर मिरा-भाईंदरसाठी आहे. वसई-विरारला या योजनेचे पाणी २०२३ च्या अखेरीस मिळू लागले. परंतु शहरात पाणी आले म्हणजे प्रत्येक इमारतीत आले असे होत नाही. अंतर्गत जलवाहिनी, साठवण टाक्या आणि इमारतीची अधिकृत नळजोडणी हे टप्पे मध्ये असतात. म्हणून घर पाहावयास गेल्यावर नळजोडणी महापालिकेची आहे काय, पाणी दिवसाआड येते की रोज आणि टँकरवर सोसायटीचा दरमहा किती खर्च होतो, हे तेथील रहिवाशांनाच विचारावे. टँकरचा खर्च हा न दिसणारा मासिक हप्ताच होय.

सखल जमीन, बावखले आणि पावसाळा

वसईच्या गावांत पूर्वी जागोजागी बावखले असत. ही गोड्या पाण्याची छोटी तळी पावसाचे पाणी साठवीत, विहिरींना झरे पुरवीत आणि बागांना ओलावा देत. मिठागरे आणि सखल भातखाचरे भरतीचे व पावसाचे जादा पाणी सामावून घेत. वस्ती वाढली, तशी यांतील बरीच जागा भरावाखाली गेली. पाणी मात्र आपली जुनी वाट विसरत नाही.

जुलै २०१८ मध्ये याचा कटू प्रत्यय आला. अतिवृष्टीने वसई, नालासोपारा आणि विरारचा मोठा भाग पाण्याखाली गेला. लोहमार्ग बुडाल्याने गाड्या बंद पडल्या, वीजपुरवठा खंडित झाला आणि मिठागरांत अडकलेल्यांची सुटका करावी लागली. हप्ता भरणाऱ्या कुटुंबांना तळमजल्यावरील सामान पाण्यात गेलेले पाहावे लागले.

यातून मिळणारा व्यवहारी धडा सोपा आहे. घर उन्हाळ्यात पाहावे, परंतु ठरवावे पावसाळ्यात. शक्य असल्यास त्याच परिसरात नोंदणीकृत करार करून भाड्याने एक वर्ष राहावे. एका पावसाळ्यात रस्त्यावर पाणी किती साचते, स्थानकापर्यंत पोहोचता येते काय, वीज किती वेळ जाते आणि शाळा व दवाखाना किती दूर आहे, हे सारे आपोआप कळते. वर्षभराचे भाडे वाया गेले असे वाटले, तरी चुकीच्या घरापेक्षा ते खचितच स्वस्त पडते.

कागदपत्रांची पारख

वरील सर्व हिशेब घर अधिकृत असेल तरच उपयोगी. नालासोपारा पूर्व येथे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आदी सार्वजनिक कामांसाठी आरक्षित जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२४ मधील आदेशानुसार नोव्हेंबर २०२४ पासून त्या पाडण्यात आल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे त्यामुळे बेघर झाली. त्यांतील अनेकांनी घरासाठी कष्टाची कमाई मोजली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेतील एक अनधिकृत चारमजली इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. अनधिकृत घर म्हणजे केवळ कायद्याचा भंग नव्हे. तेथे पैसा आणि प्राण दोन्ही पणास लागतात.

फसगत झालेल्या अनेकांच्या हाती वीजबिल, घरपट्टीची पावती, नोंदणी केलेला दस्त असे काही ना काही असते. परंतु यांतील एकही कागद इमारत अधिकृत असल्याचा पुरावा नाही. दस्ताची नोंदणी म्हणजे व्यवहाराची नोंद. विकणाऱ्याच्या मालकीची ती हमी नव्हे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ नुसार अनधिकृत इमारतीवर शास्तीसह कर आकारला जातो. तो भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हे कायद्यातच स्पष्ट आहे.

म्हणून पुढील गोष्टी पाहिल्याशिवाय इसाराची रक्कम देऊ नये:

१. सात-बारा उतारा आणि फेरफार. भोगवटादार वर्ग २ किंवा आदिवासी खातेदाराची नोंद असल्यास विशेष सावध राहावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६ अ नुसार आदिवासींची जमीन पूर्वपरवानगीवाचून बिगर आदिवासीकडे हस्तांतरित करता येत नाही. पालघर जिल्ह्यात ही बाब फार महत्त्वाची आहे.

२. मंजूर विकास आराखड्यातील झोन दाखला. जमीन निवासी वापराची आहे की तीवर आरक्षण आहे, हे त्यावरून कळते.

३. मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. त्यांचा क्रमांक व दिनांक महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळून घ्यावा. किती मजल्यांस मंजुरी आहे, तेही पाहावे.

४. महारेरा नोंदणी. ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पास ती आवश्यक आहे. तथापि कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बाबतीत बनावट परवानग्यांच्या आधारे अशी नोंदणी मिळविल्याचे उघड झाले आहे. म्हणून महारेरा क्रमांक आणि महापालिकेचे अभिलेख दोन्ही ताडून पाहावेत.

५. तयार घरासाठी भोगवटा प्रमाणपत्र आणि जुन्या इमारतीच्या बाबतीत सोसायटीच्या नावे झालेले अभिहस्तांतरण.

६. नोंदणीकृत करारापूर्वी विकासकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. रक्कम रोखीने देऊ नये.

राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज नाकारलेले घर 'खाजगी कर्ज मिळवून देतो' असे सांगून गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाल्यास ती धोक्याची सूचना समजावी.

आणखी उत्तरेस

विरारच्याही पलीकडे वैतरणा, सफाळे, पालघर, बोईसर हा पट्टा आता लोकांच्या नजरेत आला आहे. पालघर विरारपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. जिल्ह्याचे मुख्यालय झाल्याने तेथे शासकीय कार्यालये आली. वाढवण बंदराच्या ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास जून २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिल्याने जमिनीचे भावही हलले. ज्यांचे काम जिल्ह्यातच आहे त्यांना हा पर्याय सोयीचा आहे. मुंबईस रोज जाणाऱ्यांनी मात्र विरारच्या पुढे गाड्यांची संख्या बरीच कमी होते आणि एक गाडी चुकल्यास बराच वेळ थांबावे लागते, हे विसरू नये.

मध्यम व अल्प उत्पन्न गटांना प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० चाही विचार करता येईल. वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या व देशात कोठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबास, ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी घेतलेल्या २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर, एकूण १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत व्याज अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत देण्याची तीत तरतूद आहे.

गावातील जाणत्यांचे काम

घराच्या व्यवहारात सामान्य माणूस प्रथम विचारतो तो तलाठ्याला, शिक्षकाला किंवा ग्रामपंचायत सदस्याला. त्यांचा एक शब्द एखाद्या कुटुंबाची पुंजी वाचवू शकतो. गावाच्या हद्दीत बहुमजली इमारत उभी राहत असेल, तर ग्रामपंचायतीचा ठराव वा घरपट्टीची आकारणी ही नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीची जागा घेऊ शकत नाही, हे सदस्यांनी ग्रामसभेत स्पष्ट सांगावे. आरक्षित, वन आणि आदिवासी जमिनींची यादी गट क्रमांकांसह कार्यालयाच्या फलकावर लावली, तर खरेदीदारास ती सहज पाहता येईल. अनधिकृत बांधकामाचा जोता दिसताच कळविणे हे इमारत उभी राहिल्यावर रहिवाशांना बाहेर काढण्यापेक्षा केव्हाही दयेचे आहे. बावखले, नाले आणि खाचरे राखणे हेही त्याच कामाचा भाग आहे. कारण नव्या वसाहतीचे पाणी अखेर जुन्या गावाच्याच अंगणातून वाहणार असते.

खाडीचा दक्षिण तीर महाग म्हणून वाईट नाही आणि उत्तर तीर स्वस्त म्हणून चांगला नाही. किमतीच्या फरकासमोर रोजचे तास, पाणी, पावसाळा आणि कागदपत्रे मांडून जो हिशेब उरतो, तोच त्या कुटुंबाचा खरा भाव होय. ज्या घराचे कागद स्वच्छ आहेत, ज्याच्या नळाला पाणी येते आणि ज्याचा हप्ता भरून मुलांच्या शिक्षणास चार पैसे उरतात, ते घर खाडीच्या कोणत्याही तीरावर असो, तेथे सुखाने नांदता येते.